दवाखान्याचे कागद कसे हरवावेत

उद्या घरातल्या माणसाचं ऑपरेशन बिघडलं, तरी नुकसानभरपाईचा विचारसुद्धा मनाला शिवू नये अशी तुमची इच्छा असेल, तर तयारी आजपासूनच करायला हवी. पेशंट इंदूरचा आणि घर मराठी असेल तर निम्मं काम आधीच झालेलं असतं.

डॉक्टर निवडताना पदवी बघू नका, ओळख बघा. “आपल्यातलेच आहेत, रामबागेत गणपतीच्या आरतीला यायचे,” एवढं पुरे. आपल्यातल्या माणसाकडे पावती मागणं शोभत नाही. सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री अकरा वाजता भुट्ट्याचा कीस खाता, तेव्हा मागता का पावती? पैसे देऊन उपचार घेणारा पेशंट हा ग्राहक, असं सुप्रीम कोर्टानं १९९५ साली ठरवून ठेवलंय खरं. पण पैसे दिल्याचं कुठे लिहिलेलंच नसलं, की तुम्ही ग्राहकही उरत नाही आणि पेशंटही. नुसते ओळखीचे.

मग येतं संमतिपत्र. त्यावर सही करायची असते, ते वाचायचं नसतं. चष्मा मुद्दाम घरी ठेवून जा. रिकाम्या जागा दिसल्या तर काळजी नको, त्या नंतर भरल्या जातात. २००८ सालच्या एका निकालातली बाई फक्त तपासणीसाठी टेबलावर गेली होती. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि तिचं गर्भाशय काढून टाकलं. कोर्ट म्हणालं, जिवावर बेतलेलं काही नव्हतं, बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं होतं. आता कोर्टाला कोण सांगणार, की आत्या, मावशी, जावई अशी सात-आठ माणसं सह्या करायला मोकळी बसलेली असताना पेशंटला कशाला त्रास द्यायचा?

आमच्या नानांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्या पानावर उजवा हर्निया, दुसऱ्या पानावर डावा. नानांना विचारलं तर म्हणाले, “दुखतंय दोन्हीकडे.” मी दवाखान्यात बाकीचे कागद मागायला गेलो. पेशंटनं नोंदी मागितल्या तर ७२ तासांत द्याव्यात, असा नियम डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००२ पासून आहे, त्यामुळे लेखी अर्ज दिला असता तर बरं झालं असतं. पण अर्ज म्हणजे भांडण, आणि डॉक्टरांच्या सासूबाई आमच्या हिच्या भिशीत. म्हणून तोंडीच विचारलं. खिडकीतला मुलगा म्हणाला, “रिकॉर्डवाले भिया गांव गए हैं.” भियांच्या, म्हणजे इंदुरी भाऊंच्या, गावी सगळं ठीक आहे ना, एवढं विचारून मी परत आलो. असा तीन वेळा गेलो. दुसऱ्या खेपेला पोहे-जलेबी नेली होती, रिकाम्या हातानं कसं जायचं!

अगदीच राहवलं नाही तर आरडाओरडा करा. जमल्यास काउंटरची काच फोडा. काच फुटली की तक्रार त्यांची होते, सीसीटीव्हीच्या पुराव्यासकट. पोलीस ठाण्यात गेलात तर तिथे सुप्रीम कोर्टाचा २००५ चा निकाल आडवा येतो. ते प्रकरण ऑक्सिजनच्या रिकाम्या सिलिंडरवरून पेटलं होतं. डॉक्टरला गुन्हेगार ठरवायला निघण्याआधी त्याच विषयातल्या तटस्थ डॉक्टरचं मत घ्या, ऊठसूट अटक करू नका, असं कोर्टानं सांगितलंय. ते मत द्यायचं कशावरून? कागदांवरून. आणि कागद तर भियांबरोबर गावाला.

इथे एक गोष्ट मात्र चेष्टा सोडून सांगतो. गेलेला प्रत्येक माणूस डॉक्टरच्या चुकीनं गेलेला नसतो. चांगल्या हातातही शरीर दगा देतं, आणि त्याला कायदा हलगर्जीपणा म्हणत नाही. नशीब कुठे संपलं आणि निष्काळजीपणा कुठे सुरू झाला, हे नर्सच्या टिपणांवरून, भूल दिल्याच्या वेळेवरून, बिलातल्या इंजेक्शनांवरून कळण्याची शक्यता असते. पण कळून घ्यायचंय कुणाला?

शिवाय वेळ काढणं तुमच्या हातात आहेच. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. वर्षश्राद्धापर्यंत विषय काढणं बरं दिसत नाही, पुढे घरात एखादं लग्न निघतंच, की झाली दोन वर्षं. दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, ऑपरेशन मुंबईत झालं असलं तरी इंदूरकराला तक्रार इंदुरातच करता येते, असल्या गोष्टी भिशीत बोलू नका. लोक उगाच कामाला लागतात. त्यापेक्षा औरंगाबादची गोष्ट सांगा. १९६३ साली सरकारी दवाखान्यात एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला, ती गेली, आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला १९९६ साली. तेहतीस वर्षं! ऐकणारा जागच्या जागी गार पडतो. निकाल घरच्यांच्या बाजूनं लागला, हे सांगत बसायची गरज नाही.

राहता राहिली ती कपाटावरची जाड प्लास्टिकची पिशवी. दिवाळीच्या आवराआवरीत ती बायकोच्या आधी तुम्हीच हुडकून काढा. बिलं, केसपेपर, डिस्चार्ज कार्ड सगळं सुक्या कचऱ्याच्या निळ्या डब्यात. सकाळी गाडी दाराशी येतेच. एक्स-रेची फिल्म मात्र कुठल्या कप्प्यात टाकायची, ते गाडीवाल्या भियांना नीट विचारून घ्या. आपल्या इंदुरात कचरा चुकीच्या डब्यात टाकला तर दंड जागेवर होतो, आणि त्याची पावतीही मिळते.