‘ग्राम स्टेन एका पानात’वाली नोट फिरतेय, पाठ करायच्या आधी हे वाचा

मेडिकलच्या सेकंड इयरची परीक्षा जवळ आली की व्हॉट्सॲपवर एक पान फिरायला लागतं, ‘ग्राम स्टेन एका पानात’. ग्राम स्टेन म्हणजे जंतू रंगवून ते ग्राम पॉझिटिव्ह (शेवटी जांभळे) की ग्राम निगेटिव्ह (शेवटी गुलाबी) हे ओळखायची पद्धत. पाच ओळी आणि खाली ‘एवढं केलं की मायक्रो निघालं’, म्हणजे मायक्रोबायोलॉजीचा पेपर सुटला. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा कोर्स) आणि नर्सिंगची मुलंही तेच पाठ करतायत. मी प्रॅक्टिकलला मुलांच्या शेजारी उभी असते, त्यामुळे या पानाचा परिणाम मला जर्नलमध्ये आणि व्हायवात (तोंडी परीक्षेत) रोज दिसतो. म्हणून एकेक ओळ घेऊनच बोलते.

पहिली ओळ म्हणते, ग्राम पॉझिटिव्हची भिंत जाड असते म्हणून ते जांभळा रंग घेतात, निगेटिव्हची पातळ म्हणून ते घेतच नाहीत. अहो, घेतात! क्रिस्टल व्हायोलेट (हाच तो जांभळा रंग) ओतलं की स्टॅफ (स्टॅफिलोकोकस, पॉझिटिव्ह) पण जांभळा आणि ई. कोलाय (निगेटिव्ह) पण जांभळाच, आयोडीन टाकल्यावरही दोघं सारखेच दिसतात, विश्वास नसेल तर तिथेच थांबून स्लाइड बघा. आयोडीनचं काम एवढंच की रंगाबरोबर मिळून पेशीच्या आत मोठा कॉम्प्लेक्स बनवायचा. खरा निकाल लागतो तो अल्कोहोलला. निगेटिव्हची बाहेरची मेम्ब्रेन (पातळ पडदा) लिपिडवाली, म्हणजे चरबीची, ती अल्कोहोलने विस्कटते, आतला पेप्टिडोग्लायकनचा थर (म्हणजे भिंत) पातळ, तो कॉम्प्लेक्स धरून ठेवू शकत नाही आणि रंग वाहून जातो. पॉझिटिव्हचा जाड थर मात्र अल्कोहोलने सुकून आवळतो आणि रंग आतच अडकतो. म्हणजे प्रश्न रंग कोण घेतो हा नाहीये, कोण सोडतो हा आहे. सॅफ्रानिन हा गुलाबी रंग नंतर सगळ्यांनाच लागतो, जांभळ्यावर तो दिसत नाही इतकंच.

हा शब्दांचा कीस नाहीये. परवा एका मुलाने स्टॅफची स्लाइड दाखवली, द्राक्षांसारखे घोस अगदी सुरेख आलेले, पण सगळे गुलाबी, आणि जर्नलमध्ये लिहिलेलं ‘ग्राम निगेटिव्ह कोकाय इन क्लस्टर्स’ (घोसातले गोल निगेटिव्ह जंतू). विचारलं अल्कोहोल किती वेळ ठेवलंस, तर म्हणे एक मिनिट, बाकी सगळं एक मिनिट होतं ना मॅडम. इतका वेळ ठेवलं तर पॉझिटिव्हसुद्धा रंग सोडतात. स्लाइड तिरकी धरायची, थेंब थेंब सोडायचं, खाली गळणारं अल्कोहोल रंगहीन झालं की लगेच नळाखाली. स्मिअर (स्लाइडवर पसरलेला नमुना) जाड झाला असेल तर उलटं होतं, निगेटिव्ह पण जांभळे राहतात. आणि कल्चर (लॅबमध्ये वाढवलेले जंतू) जुनं असेल तर पॉझिटिव्ह पेशींची भिंतच कमजोर झालेली असते, बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम तर हमखास फसवतात. म्हणून शेजारी स्टॅफ आणि ई. कोलायचा कंट्रोल (निकाल आधीच माहीत असलेला नमुना) लावल्याशिवाय मी कुणाचा रिपोर्ट मान्य करत नाही.

दुसरी ओळ, सगळे बॅक्टेरिया या दोन खान्यांत बसतात. नाही बसत. मायकोप्लाझ्माला भिंतच नाही (पेनिसिलिन भिंतीवरच मारा करतं, म्हणूनच ते त्याच्यावर चालत नाही, हा प्रश्न व्हायवात नेहमी येतो). टीबीच्या जंतूवर मायकोलिक ॲसिडचा मेणचट थर, त्याला झील-नील्सन ही वेगळी स्टेनच लागते, तिच्यातला लाल रंग, गरम कार्बोल फ्युक्सिन, एकदा आत गेलं की सल्फ्युरिक ॲसिडने पण निघत नाही. ट्रेपोनेमा पॅलिडम, म्हणजे सिफिलिसचा जंतू, इतका बारीक की ग्राम स्टेनमध्ये दिसतच नाही, डार्क ग्राउंड मायक्रोस्कोप (काळ्या पार्श्वभूमीवर जंतू चमकवणारा) लागतो.

तिसरी ओळ सगळ्यात जास्त मार्क घालवते: एक्झोटॉक्सिन पॉझिटिव्हचं, एंडोटॉक्सिन निगेटिव्हचं. यातलं अर्धं ठीक आहे, एंडोटॉक्सिन म्हणजे बाहेरच्या मेम्ब्रेनमधला लिपोपॉलिसॅकराइड, तो निगेटिव्हमध्येच असतो. पण एक्झोटॉक्सिन, म्हणजे जंतू बाहेर सोडतो ते विष, दोघंही बनवतात. टिटॅनस आणि डिप्थेरियाचे जंतू पॉझिटिव्ह, पण कॉलरा, डांग्या खोकला आणि शिगेला (आवेचा जंतू) हे सगळे निगेटिव्ह आणि त्यांची एक्झोटॉक्सिन्स तुमच्याच सिलॅबसमध्ये आहेत, स्यूडोमोनासच्या टॉक्सिनचं तर नावच एक्झोटॉक्सिन ए! कॉलराचं उदाहरण तर आपल्याच देशातलं आहे, कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात कॉलराच्या कल्चरचं गाळलेलं पाणी सोडलं, त्यात एकही जंतू नव्हता, तरी तो तुकडा पाण्याने फुगला. म्हणजे विष जंतूने बाहेर सोडलेलं होतं. हे 1959 मध्ये छापून आलं. आपल्या मुलांना जर्मनीचे जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख माहीत असतात आणि डे माहीत नसतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

चौथी ओळ, पेनिसिलिन फक्त ग्राम पॉझिटिव्हवर. मेनिंगोकोकस (मेंदूज्वराचा एक जंतू) निगेटिव्ह आहे, त्यावर चालतं. सिफिलिसवर आजही पहिलं औषध तेच. आणि स्टॅफ ऑरियस पॉझिटिव्ह असून बहुतेक वेळा पेनिसिलिनेज (पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम) बनवून त्याला निकामी करतो.

पाचवी ओळ, ग्राम स्टेन 1884 ची पद्धत, आता पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) आहे, त्यामुळे हे फक्त परीक्षेपुरतं. वर्ष बरोबर आहे, हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी बर्लिनमध्ये असताना न्यूमोनियाने गेलेल्या रुग्णांच्या फुप्फुसातले जंतू दिसावेत म्हणून ती शोधली. पण ‘फक्त परीक्षेपुरतं’ हे वाचून मला राग येतो. रात्री अडीचला तापाने फणफणलेल्या, मान ताठ झालेल्या पोराचं सीएसएफ (मेंदू आणि मणक्याभोवतीचं पाणी) येतं, गढूळ, मिलिलिटरभर. कल्चर उद्या वाढणार, पीसीआर प्रत्येक ठिकाणी रात्री चालू नसतं. स्मिअर रंगवायला पाच मिनिटं लागतात. पस सेल्सच्या (पुवातल्या पेशींच्या) आत कॉफीच्या बियांसारखे गुलाबी जोड दिसले तर मेनिंगोकोकस, भाल्याच्या टोकासारखे जांभळे जोड दिसले तर न्यूमोकोकस (मेंदूज्वराचाच दुसरा जंतू, हा पॉझिटिव्ह) समजून चालायचं, आणि रेसिडेंटला (ड्यूटीवरच्या डॉक्टरला) तेव्हाच फोन करायचा. मुलाला पहिला डोस दिलेला असला तरी मेनिंगोकोकस निघाला तर घरच्यांना लागण होऊ नये म्हणून गोळ्या द्याव्या लागतात, ते त्या फोनवरच ठरतं. फक्त तिथे अल्कोहोल मिनिटभर ठेवू नका, न्यूमोकोकस गुलाबी होईल.