फिल्टर न बदलता ट्रॅक्टर कसा सांभाळावा

दसऱ्याला ट्रॅक्टर धुतला, झेंडूची माळ घातली, बोनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं आणि चाकाखाली लिंबू चिरडलं, की वर्षभराची सर्व्हिसिंग झाली. एवढं करूनही कोणी हायड्रोलिकच्या, म्हणजे मागची अवजारं उचलणाऱ्या लिफ्टच्या ऑईलच्या, फिल्टरचं विचारलं, तर त्याच्या हातावर पेढा ठेवा आणि विषय बदला. द्राक्षबागेतला २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे तो, विमान नव्हे.

मुळात फिल्टर बसवलाय तीच जागा चुकीची. म्युझिक सिस्टीम शेजारच्या बागेपर्यंत ऐकू जाते, मडगार्डवरचं 'आईवडिलांचा आशीर्वाद' रस्त्यावरून वाचता येतं. फिल्टर पडला खाली, पोटाशी, चिखलात माखलेला. त्यावर पैसे घातले तर पाव्हण्यांना दाखवायचं काय?

कंपनीवाले तर नवा ट्रॅक्टर दारात आल्यापासून मागे लागतात. पहिली सर्व्हिस ५० तासांच्या आसपास, म्हणे. नवे गिअर एकमेकांवर घासून बसतात, तेव्हा लोखंडाचा बारीक कीस सुटतो, तो पहिल्याच फिल्टरमध्ये सगळ्यात जास्त साचतो, म्हणे. नव्या ट्रॅक्टरमध्ये घाण असते, हे कोणत्या शहाण्या माणसाला पटेल? तुम्ही मॅन्युअल पीककर्जाच्या फायलीत नीट जपून ठेवा. अवर मीटर बंद पडला तर दुरुस्त करू नका. तास कळलेच नाहीत तर भरणार कुठून?

आता फिल्टर चोंदला तरी ट्रॅक्टर चालतो कसा, हे समजून घ्या, म्हणजे उरलीसुरली भीतीही जाईल. बऱ्याच फिल्टरांच्या वाटेवर बायपास व्हॉल्व्ह असतो. फिल्टरमधला गाळणारा कागद गच्च भरला, दाब वाढला, की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑईल न गाळताच पुढे सोडतो. लिफ्ट उचलते, रोटाव्हेटर वर येतो, सगळं झकास. फरक एवढाच, की आता तो कीस पंपात, कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये आणि लिफ्टच्या सिलिंडरमध्ये मोकळा फिरतो. इंजिनिअरने ही सोय का केली असेल? थंडीत घट्ट झालेल्या ऑईलने पंप उपाशी राहू नये म्हणून की काय. आपण ती कायमची वापरायची. दिलेली सवलत न घेणं आपल्या रक्तात नाही.

तरी शंका वाटलीच तर ऑईलची लेव्हल बघायची काडी काढून ऑईल बोटावर घ्या आणि उन्हात धरा. काही दिसलं? नाही ना? साध्या डोळ्याला ४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचं सहसा दिसतच नाही. पंपाच्या आतल्या फटी त्याहून पुष्कळ बारीक असतात आणि त्यांना खरवडणारे कण न दिसणाऱ्यांतलेच असतात. पण न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा तो देवाच्या बाबतीत, फिल्टरच्या नाही.

कोणी फारच आग्रह केला, तर फिल्टर बदलू नका, धुवा. सक्शनची, म्हणजे पंप ऑईल ओढतो त्या वाटेवरची, तारेची जाळी धुऊन परत बसवता येते, कागदी फिल्टर धुवायचा नसतो, असा भेदभाव मॅन्युअलमध्ये केलेला असतो. आपण भेदभाव मानत नाही. कागद डिझेलमध्ये बुचकळा आणि पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरने आतून जोरात हवा मारा. कागद फाटला की ऑईल कसं मोकळं वाहतं बघा. जाळीजवळ चुंबक असेल, तर त्याला चिकटलेला काळा लगदा तसाच राहू द्या. एवढ्या तासांची कमाई आहे ती.

ऑईलचंही तसंच. या छोट्या ट्रॅक्टरांत बहुधा गिअर, लिफ्ट आणि तेलातले ब्रेक एकाच ऑईलवर चालतात, म्हणून कंपनी त्यासाठी खास ऑईल सांगते. तुम्ही इंजिन ऑईलच्या उरलेल्या कॅनमधलं ओता. ब्रेक दाबल्यावर किरकिरले तर बिघडलं कुठे, हॉर्नचा खर्च वाचला.

ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या सुरू झाल्या, की ट्रॅक्टर बोर्डोने, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याने, निळा होतो. तेव्हा वॉशिंग सेंटरवर न्या आणि प्रेशरचा पाइप नेमका ब्रीदरवर, म्हणजे ऑईलच्या टाकीच्या हवा ये-जा करणाऱ्या तोंडावर, आणि गिअर लिव्हरच्या रबरी बुटावर धरायला सांगा. चार-सहा धुण्यांत ऑईल दुधी चहासारखं दिसू लागेल. हे पाणी बेअरिंगला गंज आणतं आणि ऑईलचा वंगणपणा घालवतं, पण काडीवर लेव्हल वाढलेली दिसते. फुकटात वाढली, हे विसरू नका.

पुढे पंप ओरडायला लागेल. चोंदलेल्या जाळीतून पुरेसं ऑईल मिळत नाही, पोकळीत बुडबुडे होतात आणि ते फुटताना धातूवर खड्डे पाडतात. इथे म्युझिक सिस्टीम कामाला येते, आवाज वाढवा. लिफ्ट हळू उचलू लागली तर हवामानाला दोष द्या. निफाडकडे थंडीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतोच, तेव्हा निदान डिसेंबरभर कोणी तुम्हाला खोटं पाडणार नाही.

एप्रिल छाटणीच्या सुमाराला मात्र लिफ्ट वर घेतली, की आपोआप खाली बसू लागेल. आता ट्रॅक्टर विकायची वेळ झाली. विकण्याच्या आदल्या दिवशी खरोखर नवा, कंपनीचा फिल्टर बसवा. ट्रॅक्टरच्या आयुष्यातला हा दुसरा. पांढरंशुभ्र डबडं चिखलातून उठून दिसेल. ऑईल जरा जाडच भरा. गिऱ्हाईक सकाळी लवकर बोलवा, कारण झिजलेला पंप थंड ऑईलवर दाब धरतो आणि ते तापून पातळ झालं की सोडतो. चहा सौदा ठरल्यानंतर द्या, आधी नको. जाहिरातीत 'एकहाती वापर, शोरूम कंडिशन' एवढं पुरे.

आणि एखादा गिऱ्हाईक खाली वाकून फिल्टर बघून म्हणाला, "हा कालचा दिसतोय, काढलेला जुना कुठंय? कापून बघू", तर वेळ घालवू नका. त्याला ट्रॅक्टर घ्यायचा नाहीये. पुढच्याला फोन लावा.