पिंजरा थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे?

गेली अकरा वर्षे मी ग्लासगोमध्ये राहतो आहे. बालपण मालवणात गेल्यामुळे मासा विकत घेताना कल्ला उघडून पाहण्याची सवय मात्र अजून सुटलेली नाही. इथल्या मोठ्या दुकानांत तशी सोय नसते. सॅल्मनचा केशरी तुकडा प्लास्टिकखाली बंद असतो आणि त्यावर तो स्कॉटलंडचा असल्याचे ठळक छापलेले असते. (मुंबईत रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून विकतात, पण तो मासा अगदी वेगळ्या कुळातला आहे.) दुकानातला हा सॅल्मन नदीत किंवा खुल्या समुद्रात पकडलेला नसतो, तर पश्चिम किनाऱ्यावरच्या किंवा बेटांजवळच्या पिंजऱ्यांत वाढवलेला असतो. त्या पिंजऱ्यांवर सरकारचा वचक किती आहे, हे स्कॉटिश संसदेचे सदस्य कित्येक वर्षे सरकारला विचारत आले आहेत. या विषयावर सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

ओबनहून मल बेटाकडे जाताना मी हे पिंजरे पहिल्यांदा पाहिले. पाण्यावर तरंगणारी काळी वर्तुळे, पक्ष्यांपासून बचावासाठी वर ताणलेली जाळी, आणि शेजारच्या तराफ्यावरून प्रत्येक वर्तुळात खाद्य सोडणाऱ्या नळ्या, एवढेच वरून दिसते. खरे ते सगळे खाली असते. पिंजरा म्हणजे खोलवर सोडलेले जाळे. त्यातून समुद्राचे पाणी जसे आत येते, तशीच माशांची विष्ठा, न खाल्लेले खाद्य आणि औषधांचे अंश बाहेर पडतात. सर्वांत मोठी डोकेदुखी असते ती समुद्री उवांची. या उवा माशाची त्वचा आणि तिच्यावरचा बुळबुळीत थर खातात, आणि प्रादुर्भाव वाढला की डोक्यावरची कातडी निघून खालचा पांढरा भाग उघडा पडतो. एका ठिकाणी लाखो मासे दाटीने ठेवले की उवांना यजमानांची कमतरता राहत नाही. त्यांची पिल्ले प्रवाहाबरोबर वाहत जाऊन, नदीतून पहिल्यांदाच समुद्रात उतरणाऱ्या, हाताच्या पंज्याएवढ्या जंगली सॅल्मनच्या पिल्लांना चिकटतात. ग्रेट ब्रिटनमधील जंगली अटलांटिक सॅल्मनचा डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘संकटग्रस्त’ वर्गात समावेश झाला. त्याचा सगळा दोष पिंजऱ्यांवर टाकणे अन्यायाचे होईल, कारण तापणारा समुद्र, नद्यांवरचे बांध आणि प्रदूषण हीही कारणे आहेत. परंतु यांपैकी ज्या कारणाला परवाना देणे किंवा नाकारणे सरकारच्या हातात आहे, ते कारण पिंजऱ्यांचेच आहे.

जंगली माशांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने संसदेकडे अर्ज केला आणि त्यातून चौकशीला तोंड फुटले. २०१८ मध्ये संसदेच्या दोन समित्यांनी या उद्योगाची तपासणी केली. आधी पर्यावरण समितीने शास्त्रज्ञांकडून आढावा करून घेतला, आणि नंतर ग्रामीण अर्थव्यवस्था समितीने नोव्हेंबरमध्ये ६५ शिफारशींचा अहवाल दिला. दोघींचा निष्कर्ष एकच होता, की आहे ती परिस्थिती चालू ठेवणे मान्य होण्यासारखे नाही. तेव्हा २०३० पर्यंत उत्पादन तीन ते चार लाख टनांवर नेण्याची स्वप्ने रंगवली जात होती. म्हणूनच ज्या ठिकाणी मासे मोठ्या प्रमाणावर मरत आहेत, तिथे ते कारण दूर झाल्याची नियामकांची खात्री पटेपर्यंत विस्ताराला परवानगी देऊ नये, अशी शिफारस समितीने केली होती. ती वाचली की वाटते, यात न पटण्यासारखे काय आहे? ज्या गोठ्यातली गुरे मरत आहेत, तिथे आणखी गुरे बांधायला परवानगी देऊ नये, इतकी साधी ही गोष्ट आहे.

त्यानंतर काहीच झाले नाही असे मी म्हणणार नाही. उवांची संख्या कळवणे २०२१ पासून कायद्याने बंधनकारक झाले, आणि उवांपासून जंगली माशांना असलेल्या धोक्यावर नियंत्रण ठेवणारी नियमांची चौकट ‘सेपा’ या पर्यावरण नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ पासून लागू केली. पण ती प्रथम नव्या आणि विस्ताराच्या अर्जांना. म्हणजे शिफारशीनंतर पाच वर्षांहून अधिक काळ गेला. दरम्यानच्या काळात समुद्र तापला, सूक्ष्म जेलीफिशचे थवे पिंजऱ्यांत शिरले, कल्ल्यांचे रोग वाढले, आणि २०२३ या एका वर्षात स्कॉटलंडच्या समुद्री पिंजऱ्यांत सुमारे १ कोटी ७० लाख सॅल्मन मेले. त्या वर्षीचे उत्पादन होते सुमारे दीड लाख टन.

याच पार्श्वभूमीवर २०२४ मध्ये ग्रामीण व्यवहार आणि बेटे समितीने, फिन्ले कार्सन यांच्या अध्यक्षतेखाली, पाठपुराव्याची चौकशी केली. मी त्यातली काही सत्रे संसदेच्या वाहिनीवर पाहिली. मंत्री मारी गूजन यांच्यासमोर सदस्यांचा मुद्दा फिरून फिरून एकाच ठिकाणी येत होता, की २०१८ च्या शिफारशींपैकी कोणती नेमकी कधी पूर्ण झाली. उत्तरात प्रगती सुरू असल्याचे, संशोधनाला पाठबळ दिल्याचे आणि विषय गुंतागुंतीचा असल्याचे सांगितले जात होते. याच चौकशीच्या काळात सदस्य एका ठिकाणी पाहणीला पोहोचण्याच्या काही तास आधी तिथून मेलेले मासे काढले जात असल्याचे चित्रण कार्यकर्त्यांनी प्रसिद्ध केले. ते रोजचेच काम असल्याचा खुलासा कंपनीने केला, आणि मेलेले मासे वेळच्या वेळी काढावेच लागतात, हे खरेही आहे. परंतु पाहणीला आलेल्या लोकप्रतिनिधींना त्या दिवशी पिंजऱ्यात काय होते हे पुरते दिसले नाही, ही वस्तुस्थिती त्या खुलाशाने बदलत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये समितीचा अहवाल आला. कामाच्या संथ गतीबद्दल त्यात उघड नाराजी आहे. नव्या पिंजऱ्यांवर सरसकट बंदीची मागणी समितीने विचारात घेतली, तूर्त बाजूला ठेवली, आणि सरकारला सुधारणेसाठी वर्षभराची मुदत दिली. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती दुसरीच शिफारस, की जिथे सातत्याने मोठ्या प्रमाणावर मासे मरतात तिथले उत्पादन मर्यादित करण्याचा किंवा थांबवण्याचा अधिकार नियामकाला द्यावा. इथे कामे अशी वाटलेली आहेत, की नियोजन परवानगी स्थानिक परिषद देते, प्रदूषण ‘सेपा’ पाहते, समुद्रतळाचे भाडे राजघराण्याच्या नावे असलेली सार्वजनिक संस्था घेते आणि माशांचे आरोग्य निरीक्षक तपासतात. इतके हात असूनही, मासे मरत आहेत म्हणून अमुक पिंजरा आजपासून रिकामा ठेवा, असे सांगणारा हात समितीला त्यांत सापडला नाही.

नॉर्वेत २०१७ पासून याची वेगळी रीत आहे. किनाऱ्याचे तेरा विभाग केले आहेत, आणि उवांमुळे जंगली पिल्ले किती मरतात त्यावरून प्रत्येक विभागाला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग मिळतो. हिरव्यात उत्पादन सहा टक्के वाढवता येते, लाल रंगात तितकेच कमी करायला लावता येते. त्या रीतीतही उणिवा आहेत, आणि तिथल्या पिंजऱ्यांतही मासे मरतातच. पण मोजलेल्या आकड्याचा परवान्याशी थेट संबंध जोडता येतो, हे तिथे सिद्ध झाले आहे.

उद्योगाची बाजू मला कळते. सॅल्मन हे ब्रिटनमधून निर्यात होणाऱ्या अन्नपदार्थांत अग्रस्थानी आहे, २०२४ मधली निर्यात ८० कोटी पौंडांहून अधिक होती, आणि ज्या बेटांवर तरुणांना दुसरे काम मिळणे कठीण आहे तिथल्या शाळा या पगारांवर तग धरून आहेत. पण मासेच जगले नाहीत तर ते पगारही टिकणार नाहीत.

आपल्याकडेही हा विषय आता लांबचा राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये किनाऱ्यावरच्या कोळंबी तलावांविषयी कडक निकाल दिला होता, त्यातून पुढे २००५ चा कायदा आला, आणि २०२३ च्या दुरुस्तीने समुद्रातल्या पिंजऱ्यांतील शेतीही त्या कायद्याच्या कक्षेत आणताना तुरुंगवासाची तरतूद काढून दंडावर भागवले. पिंजरे आपल्या खाड्यांच्या तोंडाशी येण्याआधी, मोजणार कोण आणि थांबवणार कोण, हे आपल्या आमदारांनी सभागृहात विचारून ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

स्कॉटलंडमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी नागरिकांनाही तिथल्या संसदेसाठी मतदान करता येते, त्यामुळे इथले आमदार माझेही आमदार आहेत. मी त्यांना या आठवड्यात पत्र पाठवले. त्यात तीनच प्रश्न आहेत: २०१८ ची विस्तारबंदीची शिफारस कोणत्या तारखेपासून लागू होणार, उत्पादन थांबवण्याचा अधिकार कोणत्या संस्थेला मिळणार, आणि तो पहिल्यांदा वापरण्यासाठी किती मासे मेलेले पुरेसे मानले जातील. उत्तर आले की इथेच लिहीन.