वाचवलेल्या युनिटचे पैसे त्या घराला मिळाले पाहिजेत

मी वायरिंगची कामं घेतो. बेळगाव शहर, हिंडलगा-उचगाव पट्टा, खानापूरकडची गावं आणि उन्हाळ्यात कधी निपाणी-चिक्कोडी. त्यामुळे लोकांच्या घरातला पंखा, गीझर आणि मीटर हे मला घरच्यांपेक्षाही जवळून दिसतात. ते बघूनच हे लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण वेळ काढून वाचा.

कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना २०२३ मध्ये आली. महिन्याला २०० युनिटपर्यंत वीज मोफत. गरिबाच्या घरातलं लाईट बिल शून्य झालं, याचा मला मनापासून आनंद आहे. ज्या माउलीनं बिलाच्या भीतीनं पोरांच्या अभ्यासाचा दिवा लवकर घालवला होता, तिच्या घरात आज दिवा जळतो. हे कुणी काढून घेऊ नये.

पण २०० युनिट सगळ्यांना मिळत नाहीत, हे अजूनही अनेकांना ठाऊक नाही. २०२२-२३ मध्ये तुमच्या घराचा महिन्याचा सरासरी वापर किती होता, तो धरतात आणि त्यावर १० टक्के वाढवून देतात. तेवढीच तुमची मोफत वीज. त्याच्या वर आणि २०० च्या आत गेलात तर वरच्या युनिटचे पैसे भरायचे. २०० ओलांडले की त्या महिन्याचं सगळंच्या सगळं बिल तुमच्या गळ्यात.

आता शेजारची दोन घरं घ्या. एका घरात काटकसर, सरासरी ६० युनिट. त्यांना मोफत ६६. दुसऱ्या घरात दिवसभर पंखे चालू, सकाळी गीझर, सरासरी १७० युनिट. त्यांना मोफत १८७. म्हणजे ज्यानं आधीपासून वीज जपली त्याच्या वाट्याला कमी, आणि ज्यानं जपली नाही त्याला जवळजवळ तिप्पट! २०२४ च्या जानेवारीत सरकारनं ४८ युनिटपेक्षा कमी वापराच्या घरांना १० टक्क्यांऐवजी सरळ १० युनिट जास्त द्यायचं ठरवलं. बरं झालं. पण मूळ हिशेब तोच राहिला.

याचा परिणाम मला रोज कामावर दिसतो. वडगावात एका घरी पंख्याचा कंडेन्सर बदलायला गेलो होतो. पंखा वीस वर्षांचा, गरगर आवाज करणारा. मी म्हटलं, "मावशी, आता बीएलडीसी पंखा घ्या, वीज निम्म्याहून कमी लागते." त्या म्हणाल्या, "अरे बाबा, बिलच येत नाही, मग तीन हजार कशाला घालू?" त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हटलं असतं.

साधा पंखा साधारण ७५ वॅटचा. दिवसाला १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट. बीएलडीसी ३० वॅटच्या आसपास, म्हणजे ११ युनिटसुद्धा नाहीत. एका पंख्यामागे १६ युनिट वाचले. घरात तीन पंखे असतील तर ४८. जे घर उन्हाळ्यात २१०-२२० वर जातं आणि पूर्ण बिल भरतं, त्याला हे पंखे एका मोसमात फायदा दाखवतात. अशा काठावरच्या लोकांना मी ठासून सांगतो की पंखे बदला. पण ९० युनिटवाल्याला काय सांगू? त्यानं वाचवलेलं युनिट त्याच्या खिशात येत नाही, ते नुसतं नाहीसं होतं.

माझी मागणी एवढीच आहे. मोफत वीज राहू द्या, पण ठरलेल्या युनिटपेक्षा जेवढं कमी वापरलं, त्याचे पैसे त्या घराच्या नावावर जमा करा. पंजाबनं २०१८ मध्ये शेतीपंपांसाठी 'पानी बचाओ, पैसे कमाओ' अशी योजना आणली. तिथंही शेतीची वीज मोफतच. तरी ठरवून दिलेल्या विजेतून शेतकऱ्यानं जेवढं वाचवलं, त्याचे युनिटमागे ४ रुपये त्याला द्यायचं ठरलं. घरगुती युनिट आज सहा रुपयांच्या आसपास आहे आणि मोफत युनिटचे पैसे सरकारच वीज कंपनीला भरतं. युनिट वापरलंच नाही तर सरकारचे ते सहा रुपये वाचले. त्यातले चार घराला दिले तरी दोन सरकारकडे राहतात. महिन्याला २० युनिट वाचवणाऱ्या घराला वर्षाला ९६० रुपये. तीन वर्षांत पंखा फिटतो. हवं तर रोख देऊ नका, पाच स्टारचा पंखा किंवा सोलर हीटर घेताना वळते करा.

सोलर हीटरचं तर वेगळंच लिहायला हवं. बेळगावची थंडी आणि खानापूर, जांबोटी, कणकुंबीचा पाऊस, यामुळे आपल्याकडे वर्षातले बरेच महिने आंघोळीला गरम पाणी लागतंच. पूर्वी न्हाणीत तांब्याचा बंब असायचा, जळण रानातलं. आता गीझर. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ४५ वर न्यायला साधारण ३ युनिट जातात. म्हणजे महिन्याला ९०, २०० तले जवळजवळ निम्मे नुसत्या आंघोळीत! छपरावरची टाकी हे काम उन्हावर करते. तरीही सोलर हीटर लावणाऱ्याला बिलात जी सवलत मिळत आली आहे, ती युनिटमागे ५० पैसे, महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये. आणि ज्याचं बिलच शून्य, त्याला या ५० रुपयांचा काय उपयोग? हीटर घेतानाच हातात काही रक्कम मिळाली तर लोक घेतील. वर्षानुवर्षं थोडं थोडं मिळणाऱ्या सवलतीवर कुणी वीस-पंचवीस हजार काढत नाही.

केंद्राची पीएम सूर्यघर योजना या बाबतीत चांगली आहे. पैसे एकदम आणि ठरलेले. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, जास्तीत जास्त ७८ हजार. एक किलोवॅटमधून चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट निघतात. पण आपल्या भागात अडतं ते नावावर. अर्जदार, वीजजोडणी, बँक खातं सगळं एकाच्या नावावर लागतं, आणि मीटर मात्र अजून आजोबांच्या नावावर! आजोबा जाऊन कितीतरी वर्षं झाली, उताऱ्यावर चार काकांची नावं, एक काका पुण्यात, एक गोव्यात. कागद जमेपर्यंत माणूस नाद सोडतो. भाड्यानं राहणाऱ्याला तर छप्परच नाही, तो पॅनेल बसवणार कुठं? त्याला फक्त पंखा आणि बल्बच बदलता येतो, म्हणून त्या वस्तूंना मदत हवी असं मी पुन्हा पुन्हा म्हणतोय.

खरी ऊब-गारवा ठरतो तो छपरावर. आपली जुनी घरं जांभ्या दगडाची किंवा मातीच्या भिंतींची, वर खानापूरच्या मातीची कौलं, मध्ये माळा. कौलांच्या फटीतून गरम हवा निघून जायची. पण माकडं कौलं फोडतात, दरवर्षी शाकारणीला माणूस मिळत नाही, म्हणून लोकांनी पत्रे घातले. मी कुणाला नावं ठेवत नाही, त्रास मीही बघतो. पण एप्रिलमध्ये पत्र्याखालचा पंखा वरची गरम हवाच खाली फेकतो. स्लॅबचंही तेच, दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत उष्णता सोडत राहतो.

याला उपाय महागडा नाही. स्लॅबवर पांढरा उष्णतारोधक रंग, किंवा फुटक्या पांढऱ्या फरशीचे तुकडे, अगदी चुन्याचा हात दिला तरी फरक कळतो. तेलंगणानं २०२३ मध्ये यासाठी वेगळं कूल रूफ धोरणच आणलं. कमी वीज लागणारी घरं कशी बांधावीत याचे नियम सांगणारी केंद्राची इको निवास संहिता २०१८ मध्ये आली, पण ती ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटसाठी होती. आपल्याकडचा नेहमीचा तीस बाय चाळीसचा प्लॉट १११ चौरस मीटरचा. म्हणजे सामान्य माणसाच्या घराला तिचा स्पर्शही नाही.

आणि मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते २०१९ च्या महापुराचं. वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा काठची किती घरं आडवी झाली! पूर्ण पडलेल्या घराला सरकारनं ५ लाख दिले, टप्प्याटप्प्यानं. पैसा सरकारचा होता, घरं नव्यानं उभी राहत होती. त्याच वेळी छपराला पांढरा रंग, समोरासमोर खिडक्या, पत्र्याखाली सिलिंग यांसाठी दहा-पंधरा हजार वेगळे ठेवले असते, तर ती माणसं आज उन्हाळ्यात सुखानं झोपली असती. पुढं घरकुलाचे हप्ते देताना तरी हे व्हावं. आमदारांनी आणि ग्रामपंचायतींनी हे मागावं, आणि आपण त्यांच्याकडे मागावं.

माहितीचंही बोलतो. भाषिक अल्पसंख्याकांसाठी ज्या संरक्षण तरतुदी ठरल्या आहेत, त्यात जिथं १५ टक्के किंवा जास्त लोक एखादी भाषा बोलतात तिथं महत्त्वाच्या सूचना त्या भाषेत द्याव्यात असं आहे. कन्नडला माझा विरोध नाही, मी कन्नड बोलतो, कामं कन्नड घरांतही करतो. पण येळ्ळूरच्या किंवा बेळगुंदीच्या आजीला आपल्या घराला किती युनिट मोफत आहेत हे मराठीत कळायला नको का? ते कळलं तर ती वीज वाचवील.

तोवर ज्यांचं मीटर अजून वारलेल्या माणसाच्या नावावर आहे, त्यांनी ते आधी बदलून घ्या. मृत्यूचा दाखला, उतारा, बाकीच्या वारसांची संमती एकत्र करा. गणपतीला काका-आत्या सगळे गावी येतात, तेव्हाच सह्या घ्या. उचगाव-हिंडलगा भागात कुणाला कागद लावायला किंवा घराचा युनिटचा हिशेब करून बघायला मदत हवी असेल तर इथंच कळवा, रविवारी येऊन बघून देईन.