मामांचा फॉरवर्ड आणि माझे २१४ दिवस

नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाल्या आणि घरच्या ग्रुपवर मामांनी तुतारी फुंकली. कामगार कमी करायला सरकारची परवानगी आता शंभरऐवजी तीनशे माणसांच्या कारखान्यापासून लागणार, म्हणजे उद्योग येणार, वगैरे. इथवर ठीक. खाली पुस्ती होती : ‘जर्मनीसारखं बेकारांना घरबसल्या पोसायला लागलो तर देश झोपेल.’ आणि मला टॅग.

मामांना मी उलट बोलत नाही. त्यांच्या खांद्यावर बसून मी सारसबागेतला गणपती पाहिलाय. पण ते वाक्य दातात अडकलेल्या सुपारीसारखं तेव्हापासून सलतंय.

घरबसल्या नाही हो मामा. इथे जर्मनीत, श्टुटगार्टात, माझ्या पगारपत्रकावर दर महिन्याला बेकारी विम्याची एक ओळ असते. १.३ टक्के माझे, तेवढेच कंपनीचे. ही पद्धत १९२७ पासूनची. नोकरी गेली की निव्वळ पगाराच्या ६० टक्के मिळतात, पदरी मूल असेल तर ६७, आणि पन्नाशीच्या आत असाल तर फार तर वर्षभर. स्वतःहून राजीनामा दिलात तर साधारण बारा आठवडे दमडी मिळत नाही. गाडी ठोकल्यावर विमा वसूल करणाऱ्याला आपण ऐतखाऊ म्हणतो का? (मामांनी स्वतः २००१ साली बँकेतून व्हीआरएस घेतली. पेन्शन महिन्याच्या महिन्याला जमा होते. असो.)

खरं तर मला मामांपेक्षा जास्त राग येतो तो हिंजवडीतल्या माझ्या मित्रासोबत जे झालं त्याचा. गुरुवारी दुपारी चार वाजता एचआरचा कॉल, पंधरा मिनिटांचा. ‘राजीनामा टाक, नाहीतर टर्मिनेट करतो, मग रिलीव्हिंग लेटर विसर.’ त्याने राजीनामा स्वतःच्या हाताने टाइप केला. म्हणजे कागदोपत्री तो खुशीने गेला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात माणूस कमी करताना एक महिन्याची नोटीस आणि भरलेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार होता, नव्या संहितेतही तो आहे, पण ‘कामगारा’साठी. मॅनेजर त्यात बसत नाही, अठरा हजारांवरचा सुपरवायझरही नाही. मित्राला दोनच वर्षांपूर्वी बढती मिळून मॅनेजरची पाटी लागली होती, आम्ही पार्टीही उकळली होती. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, म्हणजे ईएसआयसीची, नोकरी गेलेल्यांना भत्ता देणारी अटल बीमित योजना आहे म्हणे. आहे, पण ती आयुष्यात एकदा, नव्वद दिवसांची, आणि ईएसआयसीची पगारमर्यादा एकवीस हजारांची. याचा घराचा हप्ताच त्याहून मोठा.

मला नोकरीवरून काढल्याचं पत्र आलं तेव्हा मी बाटल्या परत करायला खाली उतरलो होतो. पत्रपेटीत लिफाफा, आत शाईची सही. इथे ईमेलवर कुणाला काढता येत नाही. कंपनीत बेट्रिब्सराट, म्हणजे कामगारांनी निवडलेलं मंडळ, असेल तर त्याआधी त्याला विचारणं भाग असतं. कोणाला काढायचं हे ठरवताना वय, नोकरीची वर्षं, पोरंबाळं आणि अपंगत्व बघतात. पदरी मुलगी असल्याचे गुण मला मिळाले होते, तरी कमीच पडले. कोर्टात जायला तीन आठवडे असतात. गेलो. नोकरीच्या दर वर्षामागे अर्ध्या महिन्याच्या पगारावर तडजोड झाली.

हे सगळं मी ग्रुपवर टेचात लिहिलं असतं. दहा किंवा त्याहून कमी माणसांच्या दुकानात नोकरीला संरक्षण देणारा हा कायदा सहसा लागूच होत नाही, हे मात्र लिहिलं नसतं. ब्लू कार्डवरच्या, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या परवान्यावरच्या, माझ्या हैदराबादी सहकाऱ्याला नवी नोकरी शोधायला तीनच महिने होते आणि तो रात्री झोपत नव्हता, हेही नाही. माझ्याकडे निडरलासुंग, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, होतं, म्हणून मी झोपायचो.

पण त्या पाच महिन्यांत पुण्यात मी कोणाला काही कळू दिलं नाही. व्हिडिओ कॉलला कॉलरचा शर्ट घालायचो, खाली घरातली चड्डी. आई विचारायची, ‘आज ऑफिसात नाही का रे?’ ‘होम ऑफिस आहे, आई.’ आमटातली, म्हणजे इथल्या रोजगार कचेरीतली, बाई तारीख देताना माझ्याशी जितक्या सहज बोलली, तितक्या सहज मला स्वतःच्या आईशी बोलता आलं नाही. आईच्या फ्लॅटचा हप्ता वेळेवर गेला. मामा ज्या गॅलरीत बसून चहा पितात, तिच्या चार-पाच फरशा जर्मन बेकारी भत्त्याच्या आहेत.

नव्या नोकरीला आता आठ महिने झाले. भत्ता बंद झाल्याचं पत्र मुलीच्या जन्मदाखल्याच्या फाइलमध्ये आहे : ३६० दिवसांचा हक्क, १४६ वापरले, २१४ शिल्लक. पुन्हा नोकरी गेलीच तर हक्क सुरू झाल्यापासून चार वर्षांच्या आत ते मागता येतात.

परत जायचा विषय बायको रविवारी काढते, भांडी पुसताना. आईचे गुडघे, पोरीचं मराठी, सगळं बोलून होतं. मी ‘बघू’ म्हणतो आणि मनात २१४ मोजतो. ते पुण्याला नेता येत नाहीत.