पोक ५३२८०, ०

काल कट्ट्यावर जुन्या कॉम्प्युटरचा विषय निघाला आणि उठायची वेळ झाली तरी संपला नाही. अण्णांचं म्हणणं ठाम होतं. "१९८२चा कमोडोर ६४ आजच्या लॅपटॉपपेक्षा जास्त शिकवायचा."

बंड्या उसळलाच. "काय शिकवायचा, अण्णा? कॅसेटवरून एक गेम चढायला मिनिटं न् मिनिटं, आणि शेवटाला येऊन एरर! मग पुन्हा कॅसेट मागे घ्या. तुम्हाला तुमचं बालपण आठवतंय, मशिन नाही."

"कॅसेटचं कौतुक मी करतच नाहीये. मशिन चालू केल्यावर समोर काय यायचं ते बघ. निळा पडदा, बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेसाठी ३८,९११ बाइट मेमरी मोकळी असल्याची ओळ, खाली 'रेडी' आणि लुकलुकणारा कर्सर. बस. पोक म्हणजे मेमरीतल्या अमुक पत्त्यावर अमुक आकडा लिही, अशी आज्ञा. पोक ५३२८०, ० टाइप करून रिटर्न दाबलं की पडद्याची कड तत्क्षणी काळी. शून्याच्या जागी एक टाकला की पांढरी. पोरं पुढचे आकडे आपणहून टाकून बघायची."

बापू इलेक्ट्रॉनिक्सवाला. तो म्हणाला, "५३२८०ला साधी मेमरी नव्हतीच. व्हिडिओ चिपचं रजिस्टर, म्हणजे चिपमधला आकडा ठेवायचा छोटा कप्पा, त्या पत्त्यावर बसवलेलं होतं. आकडा लिहिला की थेट चिपमध्ये, मध्ये अडवणारं कुणी नाही. आज मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि असायलाच हवी. नेटला जोडलेलं मशिन इतकं उघडं ठेवलं तर वाट लागेल."

"पण बेसिक रॉममध्ये, म्हणजे पुसता न येणाऱ्या कायमच्या मेमरीत होतं ना!" अण्णा म्हणाले. " कितीही गोंधळ घाला, बंद करून चालू केलं की मशिन जसंच्या तसं."

"कमोडोरच्याच आधीच्या पेट कॉम्प्युटरच्या काही मॉडेलवर एका पोकने डिस्प्लेचं नुकसान होऊ शकायचं. किलर पोक म्हणायचे त्याला."

"अपवाद आहे तो, बापू."

मला या सगळ्यात रॉमचा मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो. वेग, रंग, आवाज यांत जुनी मशिनं आज कुठेच टिकणार नाहीत, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण त्यांच्यापुढे बसलेलं मूल बिनधास्त चुकू शकायचं. आज ज्या फोनमध्ये घरच्यांचे फोटो आणि बँकेचं ॲप आहे, त्याच्या पोटात हात घालू द्यायला कुठले आईवडील तयार होतील?

बंड्या हटेना. "म्हणून तर २०१२मध्ये रास्पबेरी पाय हा छोटा, स्वस्त कॉम्प्युटर आला. त्याच्या मेमरी कार्डावरचं काही बिघडलं तर कार्ड पुन्हा लिहायचं. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा फुकट, माहिती फुकट. तुमच्या वेळी मासिकातले प्रोग्रॅम ओळ न् ओळ टाइप करत बसायचे."

"मुलांना प्रोग्रॅमिंगची सवय राहिली नाही, हे केंब्रिजच्या लोकांना जाणवलं म्हणूनच तो काढावा लागला. माझंच म्हणणं सिद्ध झालं की!"

"आणि तेव्हाची बहुतेक पोरं गेमच खेळायची, हे विसरू नका," बापूने मध्येच टाकलं. अण्णांनी ते मान्य केलं, पण त्यांचा सूर खाली आला नाही. "गेम चढवायलाही आधी लोड टाइप करावं लागायचं ना! म्हणजे आज्ञा देता येते, हे तरी प्रत्येकाला ठाऊक होतं."

"मग आज ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबा," बंड्या म्हणाला, "आज्ञा टाइप करायचा कन्सोल उघडतो. हवा तो कोड चालवा. प्रत्येक लॅपटॉपवर आहे."

"आहे रे. पण ते दाबायचं असतं, हे पोराला कोण सांगणार? आमच्याकडे मशिन चालू केलं की तेच समोर असायचं."