तारकर्ली-देवबागची पुळण म्हणजे वाहनतळ नव्हे

गेल्या डिसेंबरात चार दिवस देवबागला आजोळी राहून आलो. त्यातली एक सकाळ अजून मनातून जात नाही, म्हणून हे लिहीत आहे.

उजाडल्यावर थोड्याच वेळात घरासमोरच्या किनाऱ्यावर रापण ओढायला सुरुवात झाली होती. ज्यांनी रापण पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून जाळे सोडत सोडत समुद्रात मोठा अर्धवर्तुळाकार वेढा घालतात, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि मग दोन्ही बाजूंना रांगेने उभी राहिलेली माणसे ते दोर ओढत जाळे हळूहळू बाहेर काढतात. यंत्र नसते, हातांचे बळ, कमरेचा जोर आणि टाच रोवायला वाळू, एवढ्यावर सगळे काम चालते. जाळे अर्ध्याहून अधिक आत आले असताना सुरूच्या झाडांमधल्या वाटेने एक मोठी गाडी थेट पुळणीवर उतरली, पाण्याच्या कडेने दोन फेऱ्या मारून झाल्या आणि दोरांच्या अलीकडे भुसभुशीत वाळूत तिची चाके रुतली. गाडीत लहान मुले होती आणि भरती चढत होती. एका बाजूचे सात-आठ रापणकर दोर सोडून गाडी ढकलायला धावले. गाडी निघाली, पण तोवर त्या बाजूचे जाळे ढिले पडून बरीचशी मासळी निसटून गेली होती. त्या कुटुंबाला कुणी एक वावगा शब्दही बोलले नाही. रापणीची मासळी वाट्यांनी विभागली जाते. त्या दिवशी पंचवीसतीस घरांचे वाटे कमी झाले, हे त्या पाहुण्यांना कदाचित कधीच कळणार नाही.

आपल्यापैकी बहुतेकांना किनारा म्हणजे मोकळी, रिकामी जागा वाटते, आणि माझ्या मते सगळ्या चुकांचे मूळ या समजुतीत आहे. मालवणपासून दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली आणि तिच्या पुढे देवबाग. देवबाग हा पूर्वेला कर्ली नदीची खाडी आणि पश्चिमेला समुद्र यांच्यामध्ये निमुळता होत गेलेला वाळूचा पट्टा आहे. काही ठिकाणी तो इतका अरुंद आहे की खाडीकाठच्या माडांत उभे राहिले तरी पलीकडच्या लाटांचा आवाज येतो. अशा जमिनीचा आधार म्हणजे वाळू, आणि ही वाळू एका जागी कधीच थांबत नाही. पावसाळ्यातल्या उंच लाटा ती ओढून आत नेतात आणि समुद्र निवळला की हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या शांत लाटा त्यातली बरीचशी परत आणून टाकतात. संगमाजवळच्या ज्या वाळूच्या बेटाला पर्यटक त्सुनामी आयलंड म्हणून ओळखतात, तेही या नदी-समुद्राच्या देवाणघेवाणीतूनच घडलेले आहे आणि त्याचा आकार बदलत राहतो.

परत आलेली वाळू धरून ठेवण्याचे काम किनाऱ्याच्या वरच्या अंगाला पसरलेली वेल करते. तिला आपल्याकडे मर्यादवेल म्हणतात, आणि समुद्राची मर्यादा राखणारी म्हणून हे नाव किती नेमके आहे, हे तिच्यामागे वाळूचे लहान लहान उंचवटे साचलेले पाहिले की पटते. गाड्यांची चाके नेमकी या वेलीवरून जातात. पुढे तिथे बसायला बाके, फोटोसाठी चौकटी, खुर्च्या-टेबलांची रांग येते आणि त्यासाठी उंचवटे सपाट केले जातात. सौंदर्यीकरणासाठी वाळूच्या टेकड्यांमध्ये फेरफार करण्यास 2011 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनेच मनाई केली होती, तरीही हे चालू राहते. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ याच किनाऱ्याला घासून उत्तरेकडे गेले, तेव्हा समुद्र कुठवर येऊ शकतो ते मालवण तालुक्याने पाहिले आहे. धूप वाढली की दगडी बंधाऱ्याची मागणी होते. ज्याच्या अंगणात उधाणाचे पाणी येते, त्याच्या मागणीला नको म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण बंधाऱ्याच्या दगडांवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू खणून नेते, तिथे पुढे रापण ओढता येत नाही आणि होडीही वर घेता येत नाही. म्हणून जिथे अजून वाळू शिल्लक आहे, तिथे ती टिकवणे हाच पहिला उपाय असला पाहिजे.

पाण्याखालीही हीच समजूत नडते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे खडक आणि तिथली पोवळी पाहायला हजारो माणसे स्नॉर्केलिंगसाठी उतरतात. 1987 मध्ये या भागातले 29.12 चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. पोवळे दिसायला दगडासारखे असले तरी ती असंख्य सूक्ष्म जिवांची वसाहत असते आणि तिची वाढ अतिशय सावकाश होते. दम लागला म्हणून तिच्यावर पाय टेकवला किंवा होडीचा नांगर तिच्यावर पडला, तर क्षणात मोडलेला भाग भरून यायला वर्षे लागतात. चांगले मार्गदर्शक पाण्यात उतरण्याआधी हे सांगतात, आणि जो सांगत नाही त्याला आपणच विचारले पाहिजे.

पर्यटन नको, असे मी म्हणत नाही, आणि तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतरच्या वर्षांत माझ्या आजोळच्या शेजारची मुले मुंबईच्या वाटेला न लागता घरीच राहिली, कुणी स्कूबाचे प्रशिक्षण घेतले, कुणी पडवीला लागून दोन खोल्या बांधून न्याहारी-निवास सुरू केला. पाहुण्यांसाठी रांधणाऱ्या मामीच्या हातात पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले, हे मी पाहिले आहे. जुलै 2025 मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याचा समावेश जागतिक वारशात झाल्यामुळे गर्दी आणखी वाढणार, आणि त्याचा मला आनंदच आहे. मात्र ‘येवा, कोकण आपलोच आसा’ म्हणणाऱ्या घरात जाताना पाहुणा चपला बाहेर काढतो, तशी गाडीही सुरूच्या अलीकडे रस्त्यावरच थांबली पाहिजे. किनाऱ्यावर उतरणाऱ्या प्रत्येक वाटेच्या तोंडाशी दोन दगडी खांब रोवायला फार मोठा निधी लागत नाही. वाहनतळ गावाच्या आतल्या बाजूला, स्थानिकांच्या जागेत करावा, म्हणजे त्याचे पैसेही गावातच राहतील. रापणीच्या जागा ग्रामपंचायतीने रापणकरांना विचारून निश्चित कराव्यात आणि सकाळच्या वेळेत तिथे जलक्रीडेच्या नौका येऊ देऊ नयेत.

या हंगामात जाणार असाल, तर एक सकाळ रापणीसाठी राखून ठेवा. रस्त्यावरून पुळणीपर्यंत चालत जायला पाच मिनिटेही लागत नाहीत. दोर ओढणाऱ्या रांगेच्या शेवटी उभे राहा, परवानगी विचारा आणि हात लावा. जाळे वर आले की त्यात तारली, पेडवे, बांगडे उसळताना दिसतील आणि बहुधा तुमच्याही ओंजळीत कुणीतरी चार मासळ्या टाकील.